वेल्डिंगची वायर का अडते?



शिर्डीच्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ असलेला माझा जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, मिगची वायर अडते, मालक ओरडतात. रोलर आवळला तरी तेच!"

इथेच चूक होते. जास्त आवळलेली वायर चपटी होऊन आणखी अडते.

आधी मशीन बंद करा, मग क्रमाने पाहा.

1. वायर टीपला चिकटते : वायरचा वेग कमी किंवा टॉर्च फार जवळ. टीप बदला, वेग थोडा वाढवा, वायर 10 ते 12 मिमी बाहेर ठेवा.

2. रोलरपाशी गुंता होतो : अडथळा पुढे आहे. टीप बुजली, लायनरमध्ये धूळ साचली किंवा केबल वळली.

3. माप जुळत नाही : 0.8 मिमी वायरला टीप आणि रोलरची खाचही 0.8 चीच हवी.

गणितात अडलेल्या मुलालाही आपण असेच आवळतो ना? आधी अडथळा शोधू या.