खोबरेल थिजलं, गॅलियम थिजेना

पुण्यात थंडी पडल्याची पहिली बातमी आमच्याकडे न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली देते. गेल्या हिवाळ्यात तिच्या शेजारी मी बोटाच्या दोन पेरांएवढी एक प्लॅस्टिकची बाटली ठेवली होती. तिच्यात ५० ग्रॅम गॅलियम. एका सकाळी भिंतीवरचा तापमापक १७ अंशांवर होता आणि खोबरेल पांढरंधोप झालेलं. शेजारचा धातू मात्र बाटली हलवली की डुचमळत होता.

हिशेबानं हे उलटं व्हायला हवं होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. गॅलियमचा वितळणबिंदू २९.७६ अंश सेल्सिअस, म्हणजे आधी त्याचा नंबर लागायला हवा. हा बिंदू इतका पक्का आहे, की तापमापक पारखण्यासाठी १९९० साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत २९.७६४६ अंश ही एक ठरावीक खूण म्हणून घेतली आहे. तोच धातू १७ अंशांवर द्रव राहिला, तर जगभरचे प्रमाणीकरणवाले चुकले की माझी बाटली?

दोघंही बरोबर होते. वितळणं वेळेवर होतं, घोटाळा थिजण्यात आहे.

गॅलियमची ख्याती मात्र वितळण्यावरच. त्याचा चमचा करून पाहुण्याच्या गरम चहात द्यायचा आणि चमचा विरघळताना पाहुण्याचं तोंड बघायचं, ही रसायनशास्त्रज्ञांची जुनी चेष्टा. हातावर वितळवणं त्याहून सोपं, पण वाटतं तितकं झटपट नाही. एक ग्रॅम घन गॅलियम वितळायला सुमारे ८० ज्यूल उष्णता लागते. २० ग्रॅमचा खडा मुठीत धरला, तर हाताला १६०० ज्यूल मोजून द्यावे लागतात. तेवढ्यात शंभर ग्रॅम पाणी जेमतेम ४ अंशांनी तापेल. मूठ गारठते, मग खड्याच्या कडा गुळगुळीत होतात, खाली चांदीसारखं तळं साचतं आणि शेवटचा कण बराच वेळ त्यात तरंगत राहतो. हो, तरंगतो. पाण्यावर बर्फ तरंगावा तसा, कारण हा धातू थिजताना सुमारे ३ टक्के फुगतो. काचेच्या गच्च भरलेल्या बाटलीत ठेवला तर ती तडकण्याची भीती, म्हणून तो प्लॅस्टिकमधून येतो.

लहानपणी फुटलेल्या तापमापकातला पारा फरशीवर मण्यांसारखा पळायचा. हा पळत नाही, चिकटतो. काचेवर आरसा उमटवतो, बोटांवर काळसर राप ठेवतो. पाऱ्यासारखी विषारी वाफ याची घरच्या तापमानाला होत नाही (पारा ३५७ अंशांना उकळतो, गॅलियम सुमारे २४०० अंशांना). तरी हात साबणानं धुवायचे आणि सोन्याची अंगठी आधीच काढून ठेवायची, कारण सोन्याशी त्याचं फार लवकर जमतं.

आता थिजण्याचं. घन गॅलियमची अणुरचना धातूच्या मानानं विचित्र आहे, प्रत्येक अणूला अगदी जवळचा असा एकच शेजारी. द्रवातले अणू आपण होऊन त्या मांडणीत बसायला नाखूश असतात. कोणीतरी आधी बसलेलं दाखवावं लागतं. मी फ्रीजमध्ये थिजवलेल्या गॅलियमचा मोहरीएवढा कण चिमट्यानं त्या बाटलीत सोडला. कणाभोवती लगेच धूसर, कोनदार पाकळ्या फुटल्या, आरसा मळत गेला आणि बाटली हाताला किंचित कोमट लागली. शोषलेली उष्णता परत मिळत होती. शेजारी उभी असलेली आई म्हणाली, "अरे, हे तर विरजण!" पाठ्यपुस्तकात याला बीजस्फटिक म्हणतात. आईचा शब्द मला जास्त पटला.

या धातूचा शोधही असाच, जागा आधी आखलेली. मेंडेलिव्हनं १८७१ साली आवर्तसारणीत ॲल्युमिनियमखाली रिकामं घर ठेवलं, त्याला एका-ॲल्युमिनियम म्हटलं आणि घनता ५.९ असेल असं सांगून टाकलं. १८७५च्या ऑगस्टमध्ये पॉल-एमिल लकॉक द ब्वाबोद्राँ याला पिरनीज पर्वतातल्या जस्ताच्या खनिजात दोन जांभळ्या वर्णरेषा दिसल्या. त्यानं मोजलेली घनता आली ४.७. मेंडेलिव्हनं कळवलं, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. ज्यानं धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो पाहणाऱ्याची चूक काढत होता! पुन्हा मोजल्यावर उत्तर आलं ५.९. नाव गॉल देशावरून ठेवलं. लॅटिनमध्ये 'गॅलस' म्हणजे कोंबडा आणि फ्रेंचमध्ये कोंबड्याला 'कॉक', तेव्हा लकॉकनं हळूच स्वतःचं नाव घुसवलं अशी कुजबुज झाली. त्यानं इन्कार केला.

माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. आजी ज्याला 'जर्मनची ताटली' म्हणायची, त्या ॲल्युमिनियमच्या जुन्या ताटलीची कड पॉलिश पेपरनं घासून मी तिच्यावर गॅलियमचा थेंब चोळून ठेवला. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तोच त्याचं चिलखत. तो खरवडला गेला की गॅलियम धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांतून आत शिरतं. सकाळी कड भाजलेल्या पापडासारखी हातात मोडून आली. विमान वाहतुकीच्या नियमांत गॅलियम धोकादायक मालात का मोडतं, ते तेव्हा कळलं. विमानाचा सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमचाच. आमचा प्रेशर कुकरही. बाटलीला स्वयंपाकघर कायमचं बंद झालं.

तसं गॅलियम यंदाही घरात लटकणारच आहे. आकाशकंदिलातल्या पांढऱ्या एलईडीचा गाभा गॅलियम नायट्राइडचा असतो. त्यातून निळा प्रकाश काढणाऱ्या तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. हा धातू मुख्यतः बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढताना जोडीला हाती लागतो आणि जगाचं बहुतेक उत्पादन चीनकडे आहे. २०२३ साली चीननं निर्यातीवर परवाने लावले, तेव्हा भल्याभल्यांना त्याची आठवण झाली.

एप्रिलमध्ये बाटली पुन्हा आपोआप वितळली. मोहरीएवढा एक कण मात्र फ्रीजच्या दारात, काचेच्या डबीत आहे. डबीवर आईच्या अक्षरात चिठ्ठी आहे : 'विरजण. खायचं नाही.'