स्टीम डेकवर ब्लूटूथ हेडफोन: आवाज डब्यातून आल्यासारखा का येतो?

निगडी-चाकण कंपनी बसमध्ये स्टीम डेक खेळणाऱ्यांनो, हेडफोनला दोष देऊ नका. ब्लूटूथचे दोन मार्ग असतात. ए२डीपीवर छान स्टिरिओ, पण माइक बंद. एचएफपीवर माइक चालू, पण आवाज मोनो, बहुधा ८ किंवा १६ किलोहर्ट्‌झचा. व्हॉइस चॅट उघडलं की डेकमधलं लिनक्स गुपचूप दुसरा मार्ग धरतं! डेस्कटॉप मोडमधल्या ऑडिओ सेटिंगमध्ये प्रोफाइल ए२डीपी करा आणि माइक डेकचाच निवडा. तळवडे चौकातले हॉर्न पलीकडच्याला ऐकू जातील, जाऊ देत.

जोडणीच होत नसेल तर टर्मिनलमध्ये ‘ब्लूटूथसीटीएल’ उघडा, जुनी नोंद काढा, मग पेअर, ट्रस्ट, कनेक्ट. यातलं ‘ट्रस्ट’ बरेच जण गाळतात; मग हेडफोन पुढच्या वेळी आपणहून जोडले जात नाहीत.