वाळूत मुरलेल्या पाण्याचा हिशेब

सामायिक नद्या : लेखांक अकरावा

या वेळी कोलोरॅडोच्या मुखाशी परतलेल्या पक्ष्यांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण सांगलीच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ते लिहितात, की अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या मोरेलोस बंधाऱ्यातून आठ आठवडे पाणी सोडलं, त्यातलं बहुतेक वाळवंटानं पिऊन टाकलं, समुद्रापर्यंत नाममात्र पोचलं. मग एवढं पाणी वाया घालवलं असंच म्हणायचं ना?

प्रश्न रोखठोक आहे. उत्तरही आकड्यांनीच द्यायला हवं.

२३ मार्च ते १८ मे २०१४ या काळात सोडलेलं पाणी होतं सुमारे १३ कोटी घनमीटर. आपल्या भाषेत साधारण ४.६ टीएमसी, म्हणजे खडकवासला धरण दोनदा भरून वर थोडं उरेल इतकं. धरणांपूर्वी कोलोरॅडोतून वर्षाला जेवढं पाणी वाहायचं, त्याच्या एक टक्कासुद्धा हे नाही. त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी बंधाऱ्याखालच्या पहिल्या साठेक किलोमीटरांतच जमिनीत मुरलं. १५ मे रोजी नदी समुद्राला मिळाली ती उरल्यासुरल्या धारेच्या बळावर.

'नव्वद टक्के मुरलं' हे वाक्य लिहायला सोपं आहे. ते सिद्ध करायला काय लागलं, ते पाहण्यासारखं आहे. नदीच्या लांबीवर ठिकठिकाणी प्रवाह मोजायचा आणि वरच्या ठिकाणच्या आकड्यातून खालचा वजा करायचा; मधला फरक म्हणजे मुरवण आणि थोडंसं बाष्पीभवन. पण वाळूचं पात्र एका जागी थांबत नाही. प्रवाह तळ खरवडतो, दुसरीकडे भर घालतो, आणि काल काढलेला आडवा छेद आज जुळत नाही, म्हणून पुन्हा मोजावं लागतं. जोडीला दोन्ही काठांवर निरीक्षण विहिरी आणि भूजलाची पातळी दाखवणारे, जमिनीत उतरवलेले पिझोमीटर, पात्राचा चढउतार टिपण्यासाठी विमानातून लेझरनं केलेली मोजणी, आणि हिरवाईचा माग ठेवायला लँडसॅट उपग्रहाची छायाचित्रं. अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं, मेक्सिकालीचं बाहा कॅलिफोर्निया विद्यापीठ, अ‍ॅरिझोना विद्यापीठ, सोनोरन इन्स्टिट्यूट, प्रोनातुरा नोरोएस्ते अशा संस्थांची माणसं या कामात होती. सरकारी, विद्यापीठीय आणि स्वयंसेवी अशी तिन्ही प्रकारची माणसं, आणि तीही दोन देशांची.

एवढ्या जणांनी मिळून एक आकडा मान्य करणं किती मोठी गोष्ट आहे, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. माझ्या मते सगळ्या कोलोरॅडोकथेतलं हे सर्वांत बोलकं प्रकरण आहे.

१९४४ च्या अमेरिका-मेक्सिको तहानं मेक्सिकोला दरवर्षी १५ लाख एकर-फूट, म्हणजे जवळपास ६५ टीएमसी पाणी द्यायचं ठरलं. किती द्यायचं ते लिहिलं, पण कसं असावं ते लिहिलं नाही. १९६१ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागात शेतांखाली साचलेलं खारं पाणी उपसून नदीत सोडायला सुरुवात झाली. मेक्सिकोकडे जाणाऱ्या पाण्यातले क्षार दशलक्ष भागांत सुमारे ८०० होते, ते वार्षिक सरासरीत १,५०० च्या घरात गेले. मेक्सिकालीच्या खोऱ्यात पिकं जळू लागली, शेतकरी रस्त्यावर उतरले. भांडण बारा वर्षं चाललं आणि ३० ऑगस्ट १९७३ रोजी दोन्ही देशांच्या सीमा व जल आयोगाच्या २४२ क्रमांकाच्या करारानं मिटलं.

त्या करारातलं कलम मुळातून वाचावं. वरच्या बाजूला अमेरिकेत असलेल्या इम्पीरियल धरणाच्या पाण्यापेक्षा मोरेलोसला येणाऱ्या पाण्याचा खारेपणा किती जास्त चालेल, याची मर्यादा त्यात आहे : अमेरिकी मोजणीनुसार दशलक्ष भागांत ११५, तीस कमीजास्त, आणि मेक्सिकन मोजणीनुसार १२१, तीस कमीजास्त. पाणी तेच, बंधारा तोच, कलमही एकच, आणि आकडे मात्र दोन! दोन देशांच्या मोजण्याच्या रीती वेगळ्या होत्या आणि कुणीच आपली सोडायला तयार नव्हतं. करार व्हावा म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले गेले. मला त्या मुत्सद्द्यांचं कौतुकच वाटतं. मतभेद लपवण्यापेक्षा ते नोंदवून ठेवणं केव्हाही चांगलं. पण दोन आकड्यांवर भांडण थांबवता येतं, नदी जगवता येत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये ३१९ क्रमांकाचा करार झाला, तेव्हा पाणी सोडण्याबरोबर त्याचा परिणाम संयुक्तपणे मोजण्याची तरतूदही करारातच घातली गेली. शास्त्रीय पथकाचं प्रमुखपद दोन्ही देशांतल्या माणसांकडे राहिलं : अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे कार्ल फ्लेसा आणि एल कोलेहिओ दे ला फ्रोंतेरा नोर्ते या संस्थेचे कार्लोस दे ला पार्रा. २०१८ मध्ये अंतिम अहवाल आला, तो आयोगाचा, दोन्ही देशांचा मिळून एक.

त्या अहवालातून सांगलीकरांचं उत्तर मिळतं. मोरेलोसच्या खालचा पट्टा वर्षानुवर्षं कोरडा. दोन्ही बाजूंच्या उपशामुळे तिथलं भूजल खोल गेलेलं. पाणी आलं तसं थेट खाली गेलं. विहिरींची पातळी वर आली, आणि पुढे ते पाणी त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या पंपांतून परतही येऊ शकतं. तेव्हा भूजलाच्या खात्यात ते जमा झालं, वाया गेलं नाही.

पण ते सोडलं होतं झाडांसाठी. कॉटनवूड आणि विलो यांचं बी वसंतात उडतं आणि काही आठवडेच जिवंत राहतं. त्याला त्याच वेळी ओली, उघडी माती लागते. मग पाणी ओसरेल ते इतक्या हळू, की रोपाच्या मुळांना त्याचा पाठलाग जमला पाहिजे. कोरड्या पट्ट्यात पाणी मुळांच्या आवाक्याबाहेर झरझर उतरलं. शिवाय टॅमरिस्क हे बाहेरून आलेलं झुडूप मोकळी जागा बळकावायला टपलेलं होतंच. याउलट खाली लागुना ग्रांदेच्या परिसरात भूजल मुळातच वर होतं आणि झुडपं काढून जमीन आधी तयार केलेली होती. तिथं थोड्या पाण्यातही झाडं धरली. उपग्रहांनुसार नदीकाठची हिरवाई २०१४ मध्ये आदल्या वर्षापेक्षा सोळा-सतरा टक्क्यांनी वाढली, आणि पुढच्या वर्षांत हळूहळू ओसरली. अहवालानं दोन्ही गोष्टी सारख्याच स्पष्टपणे मांडल्या आहेत.

म्हणून माझं उत्तर असं : झाडांच्या दृष्टीनं त्या पाण्यातला मोठा वाटा कामी आला नाही, पण तो का आला नाही हे दोन्ही देशांना एकाच वेळी, एकाच आकड्यात कळलं. या कळण्याची किंमत पुढच्या करारात दिसते. सप्टेंबर २०१७ च्या ३२३ क्रमांकाच्या करारानं नऊ वर्षांसाठी २ लाख १० हजार एकर-फूट, म्हणजे सुमारे ९ टीएमसी पाणी नदीसाठी राखलं. अमेरिका, मेक्सिको आणि स्वयंसेवी संस्था यांचा त्यात एकेक तृतीयांश वाटा. झाडं लावून वाढवण्यासाठी ९० लाख डॉलर ठरले, आणि संशोधन व मोजणीसाठीही तेवढेच ९० लाख. नदीवर काम करणाऱ्या प्रत्येकानं ही बरोबरी लक्षात ठेवावी.

आणि पाण्याची वाटही बदलली. मे ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सोडलेलं पाणी कोरड्या पट्ट्यातून नेलंच नाही. मेक्सिकालीच्या सिंचन कालव्यांतून वळसा घालून ते थेट खालच्या, झाडं असलेल्या भागात उतरवलं. या वेळी पाणी होतं ३५,००० एकर-फूट, २०१४ च्या एक तृतीयांश. तरीही नदी पुन्हा समुद्राच्या भरतीला भिडली.

वाटपाच्या लढाईत आधी पाणी मागितलं जातं आणि मोजणीचा विषय शेवटी निघतो. कोलोरॅडोचा अनुभव हा क्रम उलटा करायला सांगतो. पाणी सोडण्याआधी मोजणारी माणसं, मोजण्याची ठिकाणं आणि मोजण्याची रीत दोन्ही बाजूंनी मान्य केलेली असेल, तर अर्धवट फसलेला प्रयोगसुद्धा पुढच्या वेळी उपयोगी पडतो. तशी मान्यता नसेल तर यशस्वी प्रयोगावरही भांडण होतं. तेव्हा कुठल्याही सामायिक नदीबद्दल बातमी वाचाल, तेव्हा किती टीएमसी यासोबत हेही विचारा : हा आकडा कुणी मोजला, आणि पलीकडच्यांना तो मान्य आहे का? पक्ष्यांचं मात्र पुढच्या आठवड्यात नक्की.