जटायूच्या तालुक्यातले गिधाड: दोष उपासमारीचा नाही, औषधाचा

इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला जटायूचे मंदिर आहे. रावणाशी झुंजून जटायू इथेच पडला आणि रामाने इथेच त्याचे अंत्यसंस्कार केले, अशी श्रद्धा आहे. त्याच जटायूच्या कुळातले म्हणून ओळखले जाणारे गिधाड मात्र वासरे उचलून नेते, असे अजूनही बिनदिक्कत सांगितले जाते. गिधाडाचे पाय पाहिले तरी हा समज टिकत नाही. गरुडासारखी पकड त्यात नसते; ते पाय मेलेल्या जनावरावर उभे राहण्यापुरतेच. पण हा समज निरुपद्रवी म्हणायचा. खरे नुकसान करतो तो दुसरा: गिधाडे उपासमारीने, जंगलतोडीने किंवा मोबाइलच्या टॉवरमुळे संपली, हा.

हे तिन्ही खुलासे पुराव्याला लावून पाहावेत. भारतात पहिला मोबाइल कॉल 1995 साली झाला. गिधाडांची घसरण त्याआधीच सुरू झाली होती. जंगलतोडीचे म्हणाल, तर पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच झाडांवर घरटे करते हे खरे. पण लांब चोचीचे गिधाड कड्यांच्या कपारीत अंडे घालते. त्र्यंबकजवळच्या अंजनेरीचे कडे काही कोणी तोडून नेले नाहीत. तरीही 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 2007 पर्यंत देशात पहिल्या जातीची संख्या सुमारे 99.9 टक्क्यांनी आणि दुसरीची सुमारे 97 टक्क्यांनी घसरली. घरटी वेगळी, अधिवास वेगळे; दोघांत सारखे होते ते ताट. आणि ते ताट रिकामे नव्हते. मेलेली ढोरे उघड्यावर पडतच होती, त्यांवर भटकी कुत्री पोसली जात होती. म्हणजे अन्न कमी पडले नव्हते, अन्नातच काही शिरले होते. ते काय, हे 2004 मध्ये पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या तपासणीतून सिद्ध झाले. त्यांच्या अंतर्गत अवयवांवर यूरिक आम्लाचे पांढरे थर साचले होते, मूत्रपिंडे निकामी झाली होती. कारण होते डायक्लोफिनॅक, म्हणजे जनावराची सूज आणि वेदना कमी करायला दिले जाणारे स्वस्त औषध.

यावर रास्त आक्षेप असा, की मरण्याआधी हे इंजेक्शन मिळालेली जनावरे असतील तरी किती? थोडीच. पण गणिताने दाखवले, की शंभरातल्या एकाहून कमी मृत जनावरांत घातक प्रमाणात औषध असले, तरी एवढी घसरण होऊ शकते. एका ढोरावर अख्खा थवा उतरतो, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. वयात यायलाच त्याला सुमारे पाच वर्षे लागतात. इतक्या संथ हिशेबाला असा फटका भरून काढता येत नाही.

दुसरा आक्षेप: 2006 मध्ये बंदी आली, मग आता काय उरले? बंदी होती जनावरांसाठीच्या औषधावर. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या दुकानातून गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलिलिटरपुरती मर्यादित करावी लागली. शिवाय असेक्लोफिनॅक हे दुसरे वेदनाशामक जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनते. ते आणि किटोप्रोफेन हे गिधाडांना घातक असलेले आणखी एक वेदनाशामक जनावरांसाठी बंद व्हायला 2023 उजाडले. एका दाराने घालवलेले विष दुसऱ्याने येत होते, तेही सतरा वर्षे.

म्हणूनच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या खोरीपाड्यासारख्या 'गिधाड उपाहारगृहां'चे कौतुक करताना हात थोडा आखडता घ्यावा. तिथे सुरक्षित मृत जनावरे ठेवली जातात, हे उत्तमच. पण गिधाड खाद्याच्या शोधात दिवसभरात मैलोन्‌मैल फिरते, तालुक्याची हद्द त्याला ठाऊक नाही. खोरीपाड्याला जेवलेले पाखरू उद्या इगतपुरीच्या एखाद्या माळावर उतरू शकते. राहिला प्रश्न शेतकऱ्याचा: गिधाडासाठी त्याने आपल्या बैलाला कळा सोसू द्यायच्या का? मुळीच नाही. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांत दिसले आहे, ते बाजारात मिळते आणि बैलाची सूजही उतरवते. प्रश्न एवढाच, की दुकानदार कुठली बाटली पुढे करतो.