कर्जासोबत विमाही माथी मारला? मुदतीत अर्ज करा, पैसे परत मिळू शकतात

तीन लाखांचं कर्ज मंजूर झालं, पण खात्यात आले २ लाख ८८ हजार. बाकीचे १२ हजार कुठे गेले? बँकेत विचारलं की उत्तर येतं, "विम्याचे कापलेत." लग्न, दवाखाना किंवा बोअरवेलसाठी वैयक्तिक कर्ज काढणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. भराभर सह्या घेताना विम्याचं कुणी नीट सांगत नाही आणि नंतर "आता काही होत नाही" म्हणून परत पाठवलं जातं. प्रत्यक्षात विमा रद्द करता येतो. मात्र त्याला मुदत असते.

हा विमा नेमका कशाचा?

याला कर्ज सुरक्षा विमा म्हणतात. कर्जदाराचा मृत्यू झाला तर विमा कंपनी उरलेलं कर्ज फेडते. काही पॉलिसींमध्ये फक्त अपघात, अपंगत्व किंवा नोकरी जाणं एवढंच धरलेलं असतं. हप्ता बहुतेक वेळा एकरकमी असतो आणि तो कर्जातूनच कापला जातो किंवा कर्जात मिळवला जातो.

बचत खात्यातून वर्षाला कापले जाणारे ४३६ रुपये (जीवन ज्योती) आणि २० रुपये (सुरक्षा विमा) या सरकारी योजना आहेत. त्या वेगळ्या, हा विमा वेगळा.

सक्ती आहे का?

नाही. वैयक्तिक कर्जासाठी विमा घ्यायलाच हवा असा कायदा नाही. अमुकच कंपनीचा विमा घ्या, अशी जबरदस्तीही बँकेला करता येत नाही. "विमा नाही तर कर्ज नाही" असं कुणी म्हटलं, तर ते कागदावर लिहून मागा. बहुतेक वेळा लिहून मिळत नाही.

१२ हजारांवर व्याजही लागतं

समजा, १२ हजारांचा हप्ता कर्जात मिळवला, व्याज १४ टक्के आणि मुदत तीन वर्षांची. या १२ हजारांपोटी महिन्याचा ईएमआय सुमारे ४१० रुपयांनी वाढतो. तीन वर्षांत सुमारे १४ हजार ७६५ रुपये जातात. म्हणजे विम्यावरच पावणेतीन हजारांचं व्याज.

विमा काढलाय हे कसं कळेल?

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँकेला आणि फायनान्स कंपनीला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ म्हणजे केएफएस द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात व्याज, फी, विम्याचा हप्ता सगळं दाखवावं लागतं. केएफएसमध्ये नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. हा कागद मिळाला नसेल तर आधी तो मागा.

विम्याची पॉलिसी किंवा प्रमाणपत्र अनेकदा फोनवर लिंकने किंवा ईमेलवर येतं. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच टाकलाय ना, हे तपासा. दुसऱ्याचा टाकला असेल तर पॉलिसी कधी आली हेच कळत नाही.

३० दिवस महत्त्वाचे

वैयक्तिक आयुर्विमा पॉलिसी हातात किंवा फोनवर आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला ‘फ्री लुक’ मुदत म्हणतात. बँकेमार्फतचा विमा बऱ्याचदा गट विमा असतो. त्यात आपल्याला पॉलिसीऐवजी प्रमाणपत्र मिळतं. त्यावर फ्री लुकची काय अट छापली आहे ती वाचा. या मुदतीत रद्द केल्यास जेवढे दिवस संरक्षण मिळालं त्याचा खर्च, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा करून बाकी पैसे परत मिळतात.

अर्ज कसा करायचा?

१. अर्ज विमा कंपनीच्या नावाने लिहा आणि त्याची प्रत बँक शाखेला द्या.
२. मजकूर साधा ठेवा: "माझ्या कर्ज खाते क्रमांक … सोबत काढलेली पॉलिसी क्रमांक … मला नको आहे. फ्री लुक मुदतीत ती रद्द करून रक्कम परत करावी."
३. पॉलिसी, आधार आणि पासबुकची झेरॉक्स जोडा.
४. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगणं चालत नाही.
५. परतावा कर्ज खात्यात जमा होणार की बचत खात्यात, हे विचारा. कर्ज खात्यात आला तर ईएमआय कमी होणार की मुदत, तेही लिहून घ्या.

मुदत उलटून गेली तर?

तरीही पॉलिसीच्या अटी बघा. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीत उरलेल्या मुदतीचा काही भाग परत मिळू शकतो. कर्ज मुदतीआधी फेडलं असेल तर नो ड्यूज दाखला घेतानाच विमा बंद करण्याचा अर्जही द्या. पैसे आपोआप येतील म्हणून वाट बघत बसू नका.

दाद कुठे मागायची?

आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

बँकेने न विचारता पैसे कापले असतील तर बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. कर्ज पतसंस्थेचं असेल तर रिझर्व्ह बँक नव्हे, तालुक्याचं सहायक निबंधक कार्यालय गाठा.

रद्द करण्याआधी एकदा विचार करा

घरात कमावणारा एकच माणूस असेल, कर्ज मोठं असेल आणि दुसरा कुठलाच विमा नसेल, तर हा विमा कामाचा ठरू शकतो. नाहीतर उद्या काही बरंवाईट झालं तर हप्त्यांची वसुली घरच्यांच्या दारात येते. अशा वेळी तेवढ्याच रकमेचा साधा टर्म विमा स्वतंत्र घेतला तर किती पडतो, हे आधी विचारा. तो स्वस्त असेल तर नवी पॉलिसी हातात आल्यावरच जुनी रद्द करा, पण ३० दिवसांचं भान ठेवा. आणि विमा ठेवायचा ठरलं, तर वारसाचं नाव बरोबर आहे का ते बघा आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे ते घरात सांगून ठेवा.