प्रभादेवी : नऊ दाब की चार?

लालबागमध्ये १८९७ साली कुलपांपासून सुरुवात करणाऱ्या गोदरेजने १९५५मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. दादर-गिरगावच्या टायपिंग क्लासांतली शिस्त एकच : बोटं मधल्या ओळीवर, नजर कागदावर. परळच्या जुन्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांत कोड लिहिणाऱ्यांनाही हेच हवं असतं. हात माउसकडे गेला की तंद्री मोडते.

यावरचा उपाय जुना आहे. अमेरिकेत बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते, म्हणून त्याच कळा कर्सर हलवू लागल्या. ती सवय आजही टिकून आहे.

व्हीएस कोड या आजच्या एडिटरसाठी अशी सोय एक्स्टेंशन, म्हणजे छोटा जोड-प्रोग्राम, लिहून स्वतः करता येते. त्याच्या ‘पॅकेज डॉट जेसन’ फाइलमध्ये तीन गोष्टी सांगायच्या : कमांडचं नाव, तिची कळ आणि ती कळ कधी चालावी याची अट. ही अट विसरलात, तर शोधाच्या चौकटीत टाइप करतानाही कर्सर पळू लागेल. प्रत्यक्ष काम टाइपस्क्रिप्टमधलं एक छोटं फंक्शन करतं : कर्सर कुठे आहे ते विचारायचं, नवी जागा ठरवायची, तिथे न्यायचं. एफ५ दाबलं की चाचणीसाठी वेगळी खिडकी उघडते.

अडतं ते ‘एक पाऊल’ म्हणजे किती, या प्रश्नावर. एडिटर कर्सरची जागा दोन आकड्यांत सांगतो : कितवी ओळ आणि ओळीतलं कितवं स्थान. स्थानात एक मिळवला की इंग्रजीत पुढचं अक्षर येतं. पण युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात ‘प्रभादेवी’ साठवली जाते प, हलन्त, र, भ, काना अशा नऊ तुकड्यांत. आपण वाचतो चार अक्षरं. म्हणजे पश्चिम रेल्वेच्या स्थानकांची यादी कोडमध्ये असेल, तर हे एक नाव ओलांडायला नऊ दाब. ‘गिरगाव’मध्ये तर वेलांटी दिसते ग-च्या आधी, साठवली जाते नंतर. त्या दोहोंच्या मध्ये कर्सर थांबला आणि तिथे अवतरणचिन्ह पडलं, की वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते.

यावर टाइपस्क्रिप्टच्या पायाशी असलेल्या जावास्क्रिप्टमध्येच ‘इंटल डॉट सेगमेंटर’ आहे. ओळ त्याला दिली की तो अक्षरांच्या सीमा सांगतो आणि कर्सर पुढच्या सीमेवर नेता येतो. देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम मात्र युनिकोडमध्ये २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर चालणारा सेगमेंटर ‘प्र’ फोडतो आणि प्रभादेवी पाच अक्षरांची करतो.

तेव्हा एक्स्टेंशन इतरांना देण्याआधी चाचणीच्या फाइलमध्ये चार मराठी नावं टाका आणि दाब मोजा. चारात प्रभादेवी पार होत नसेल, तर काम अजून बाकी आहे.