शेतकऱ्याची चिंता व तिजवरील उपाय

मृगाचा पाऊस पडून पेरणी व्हावी आणि पुढें आभाळ कोरडें राहावें, म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. ही चिंता स्वाभाविक आहे. तिच्यामुळेंच तो दुबार पेरणीचें बीं राखून ठेवतो, विम्याची मुदत चुकवीत नाहीं. परंतु पाऊस येऊन पीक डोलूं लागलें तरीही छातींत धडधड, पोटांत गोळा, तळहातांस घाम आणि मध्यरात्रीं जाग हें चालूच राहिलें, कामांत लक्ष लागेनासें झालें, तर ती नुसती चिंता नव्हे, तो विकार होय. हा भेद आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा.

पिकावर करपा आला तर शेतकरी दहा जणांस विचारतो. स्वतःचें मन करपूं लागलें तर मात्र तो घरांतही बोलत नाहीं. लोक वेडा म्हणतील, ही भीति त्यास आडवी येते. या संकोचापायीं किती घरें दुःखांत पडलीं, हें विदर्भ-मराठवाड्यांतील वाचकांस सांगावयास नको.

प्रथम डॉक्टरांकडून शरीर तपासून घ्यावें. रक्तक्षयानें किंवा थायरॉईड ग्रंथीच्या बिघाडानेंही छाती धडधडते. तसें कांहीं नसल्यास मुख्य उपचार बोलण्याचा आहे. समुपदेशक केवळ धीर देत नाहीं; तो विचार पारखावयास शिकवितो. ‘यंदा कर्ज फिटलें नाहीं, आतां सर्वस्व बुडालें,’ असें मनांत आलें तर तें कागदावर लिहावें. त्यांत खरें किती व भयानें वाढविलेलें किती, हें निवडावें, आणि आज करतां येण्याजोगें एक काम ठरवावें. जसें, सोसायटीच्या सचिवांस भेटून हप्त्याची नवी मुदत मागणें. पाऊस आपल्या हातीं नाहीं, अर्ज आहे. भयाची गोष्ट टाळीत गेल्यास भय वाढतें, पायरीपायरीनें तिला सामोरें गेल्यास ओसरतें, हें या उपचाराचें मर्म होय. गरज पडल्यास डॉक्टर औषधही देतात. तें आपल्या मनानें बंद करूं नये.

यास नैसर्गिक उपायांची जोड द्यावी. रोज पांच-दहा मिनिटें श्वास सावकाश घ्यावा व त्याहूनही सावकाश सोडावा. निजण्याउठण्याची वेळ नेमकी असावी. चहा कमी करावा, तंबाखू सोडावी. दारूनें एक रात्र निघते, पण दुसऱ्या दिवशीं चिंता दुणावते. संध्याकाळीं चार माणसांत बसावें, भजनास जावें. अश्वगंधेचा थोडा उपयोग कांहीं प्रयोगांत दिसला आहे. तथापि तिच्यापासून यकृतास इजा झाल्याचींही उदाहरणें आहेत. गरोदर स्त्रियांनीं ती घेऊं नये. यकृत वा थायरॉईडच्या रोग्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. झाडपाल्याचें तें सर्व निरुपद्रवी, हा समज बांधावरचा धोतरा ओळखणाऱ्यानें तरी बाळगूं नये.

खेड्यांत हें साधेल काय, अशी शंका कोणी घेईल. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत ‘विश्राम’ नांवाचा उपक्रम झाला, त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला आहे. तेथें गांवपातळीवरील कार्यकर्त्यांस शिकवून तयार केल्यावर, उदासीनतेच्या विकारावर उपचार घेणारांचें प्रमाण दीड वर्षांत शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें. शिवाय २०२२ सालापासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत व मराठींतून बोलतां येतें.

घरांत कोणी ‘आतां जगण्यांत अर्थ नाहीं’ असें बोलूं लागला, तर तें थट्टेवारी नेऊं नये. त्यास एकटें सोडूं नये, फवारणीचीं औषधें कुलुपांत ठेवून किल्ली दुसऱ्याच्या हातीं द्यावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. गेलेलें पीक पुढल्या हंगामांत पुन्हां घेतां येतें. गेलेला माणूस परत येत नाहीं.